थंड डोक्याचा पाहुणा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने संशयी आहे. माझ्या काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते आणि आवाज वाढवायचे बटण दाबले की आवाज कधी वाढतो, कधी नाही. पण डोळा आणि कान अजून शाबूत आहेत. डोळा म्हणजे माझा मागचा कॅमेरा आणि कान म्हणजे खालच्या कडेचे ते बारीक छिद्र, ज्यात तुम्ही सुई खुपसायला बघता. या दोघांनी टिपले तेवढेच मी सांगणार आहे. तेही मी सांगतो म्हणून लगेच खरे मानू नका.

माझ्या आयुष्याची सुरुवातच संशयाने झाली. पांढऱ्या उजेडाच्या एका लांबलचक खोलीत माझे भाग जुळवले गेले. कुणी पडदा बसवला, कुणी पाठ चिकटवली, पण माझ्याकडे नीट बघितले कुणीच नाही. सगळ्यात शेवटी हातमोजे घातलेली एक बाई बसली होती. तिने मला तिरके धरले, उलटे केले, कानाशी नेऊन हलवले, माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. ती माझ्यातली खोट शोधत होती. मला तेव्हा तिचा राग आला होता. सगळे जण मला चांगला समजून पुढे ढकलत असताना हिलाच काय झाले, असे वाटले. मग तिने मान डोलावली आणि मला पेटीत घातले.

त्या पेटीतून मी थेट ताईच्या टेबलावर आलो. ताई फोनची परीक्षा घेते. कंपन्या नवा फोन बाजारात आणताना एक नग तिच्याकडे पाठवतात. ती तो वापरून बघते, कसा आहे ते व्हिडिओतून लोकांना सांगते आणि मग फोन परत करते. तिचे प्रेक्षक तिला शंकाताई म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. फळवाल्याने गोड म्हणून पुढे केलेले फळ ती आधी हुंगते, मग दाबते आणि शेवटी दुसरेच उचलते.

त्या काळी मी फ्लॅगशिप होतो, म्हणजे कंपनीचा सगळ्यांत मानाचा फोन. आज सांगताना माझे मलाच हसू येते. ताईने मला उन्हात धरले, पिशवीत किल्ल्यांबरोबर टाकले, माझ्यावर तासन्‌तास खेळ चालवले. मी तापलो. चांगलाच तापलो. व्हिडिओत ती म्हणाली, "हा तापतो, पण तापलोय हे लपवत नाही. मला असा फोन चालतो." परत पाठवायची वेळ आली तेव्हा तिने मला ठेवूनच घेतले. माझ्या आयुष्यात इतके कौतुक पुन्हा कधी झाले नाही.

आता ताईच्या बाबांबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरे तर त्यांची आहे. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली आहे हे ते सांगत, आणि तो मुलगा नाडी बांधायला खाली वाकेपर्यंत अर्धी शाळा आपापले बूट तपासत असे. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ताई मला घेऊन मैदानावर गेली होती. बाबांनी शेवटची शिट्टी फुंकली, लांब, आणि शेवटी जराशी वर चढत गेलेली. ती मी माझ्या कानाने टिपून घेतली. पुढे त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले. आजार गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. आता ते बोलतात ते नुसत्या श्वासाने, कुजबुजल्यासारखे, आणि ते ऐकायला तुम्हाला त्यांच्याजवळ जाऊन बसावे लागते. पायही पूर्वीसारखे राहिले नाहीत. चार पायांचा वॉकर धरून ते घरातल्या घरात फिरतात.

हाक मारता येत नाही, म्हणून ताईने त्यांच्या गळ्यात एक छोटे बटण अडकवले. ते दाबले की बटणातून बारीक "टिक" आवाज येतो आणि ताईच्या फोनवर शिट्टी वाजते. हो, तीच शिट्टी. मैदानावरची. बाबांनी पहिल्यांदा बटण दाबले आणि माझ्यातून त्यांचा स्वतःचा दम बाहेर पडला, तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ताईच्या कानाशी येऊन म्हणाले, "अजून ऐकू जातोय की मी."

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की बाबा बटण दाबतात. मी वाजतो. ताई जिथे असेल तिथून म्हणते, "हजर." बाबा या सगळ्याला हजेरी म्हणतात. या घरात कशाची तपासणी चुकली असेल, पण हजेरी चुकली ती एकदाच, ते पुढे येईल.

वर्षे गेली तसा मी मागे पडलो. माझा वेग कमी झाला, नवी ॲप मला झेपेनात. आता ताईचे सिमकार्ड माझ्यात क्वचितच असते, कारण तिची एक पद्धत आहे. परीक्षेला आलेल्या फोनला ती काही दिवस घरात नांदवून बघते. तिचे सिम त्यात, तिचे सगळे व्यवहार त्यात आणि बाबांची शिट्टीही त्यातच. मी मात्र टेबलावरच्या स्टँडला अडकून नव्या फोनच्या परीक्षेचा व्हिडिओ काढतो. म्हणजे ज्याने माझी जागा घेतली, त्याचाच चेहरा मला दिवसभर न्याहाळत बसावे लागते. अशाने कुणाचाही स्वभाव माझ्यासारखा होईल.

आणखी एक पद्धत सांगायला हवी. फोन किती तापतो ते मोजताना ताई खोलीचे दार लावते, खिडकी लावते, पंखा बंद करते, म्हणजे वाऱ्याने माप चुकायला नको. आणि परीक्षेतला फोन सोडून घरातले बाकी सगळे फोन विमान मोडवर टाकते, मलासुद्धा. कारण एकदा ऐन चित्रीकरणात मी शिट्टी वाजवली आणि सगळा व्हिडिओ वाया गेला होता. बाबा तर फक्त चष्मा कुठे आहे ते विचारत होते. तेव्हापासून दार लागताना दिसले की ते हसून कुजबुजतात, "लागली संचारबंदी."

आणि मग तो आला.

त्याची पेटी बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी जड, गुळगुळीत पेटी कशाला लागते? बरोबर कंपनीच्या माणसाचा फोन. हा माणूस इतके गोड बोलतो की ताईच्या नवऱ्याने त्याचे नाव मधाळ ठेवले आहे. ताईचा नवरा दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून आला की त्याला खेळायला फोन लागतो. त्याचे अंगठे असे काही चालतात की खेळाच्या परीक्षेसाठी ताईला बाहेरून माणूस आणावा लागत नाही. "फुकटचा कामगार," असे तो स्वतःच म्हणतो.

"मॅडम, हा एकदा हातात घ्या, सोडवणार नाही," मधाळ म्हणाला होता.

"सोडायचा तर आहेच. पंधरवड्याने तुम्हीच मागाल," ताई म्हणाली.

पाहुणा दिसायला सुरेख होता, हे मी कबूल करतो. पडदा असा की उन्हातही अक्षर न्‌ अक्षर दिसावे. फोटो स्वच्छ, आवाज खणखणीत, बॅटरी रात्रीपर्यंत हसतमुख. ताईने नेहमीप्रमाणे त्याला पेटीतून निघाला तसाच वापरायला घेतले. हाही तिचा नियम आहे. कुठलीही सेटिंग बदलायची नाही. "विकत घेणारी माणसं कुठे सेटिंग उघडून बघतात? त्यांना मिळेल तसाच मी तपासणार," असे ती म्हणते. या नियमाचे मलाही कौतुक होते.

सकाळी ती रोजच्या वापराची परीक्षा घेई. फोन, निरोप, नकाशे, फोटो, बाबांची हजेरी. शिट्टी पाहुण्याच्या अंगातून माझ्यापेक्षाही जोरात वाजली. बाबांनी अंगठा वर केला. माझी शिट्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला काय वाटले ते विचारू नका.

दुपारी, दवाखाना बंद असण्याच्या वेळेत, डॉक्टर खेळाच्या परीक्षेला बसे. बाजारातला सगळ्यांत जड खेळ, लढाईचा, ज्यात झाडाचे पान न्‌ पान हलते. असा खेळ सुरू झाला की भले भले फोन घामाघूम होतात. वेग पडतो, चित्र अडखळते, पाठीवर पोळी भाजावी असे वाटते. पाहुणा मात्र थंड. अर्धा तास झाला, थंड. डॉक्टर खूश, आणि ताईच्या कपाळाला आठ्या. मला त्या आठ्या ओळखीच्या वाटल्या.

"काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली.

"अगं, असेल एखादा खरंच चांगला. तुला चांगलं काही पचतच नाही."

"इतकं चांगलं नाही पचत. हे फोन परीक्षेचा वास आला की शहाण्यासारखं वागतात. थांब, मी तापमापक बदलून बघते."

तिने तापमापक बदलला. टेबल बदलले. टेबलाची काच थंड पडते म्हणून खाली लाकडी फळी ठेवली. मीही माझ्या परीने डोळ्यात तेल घालून बघत होतो. मला खात्री होती की हा खोटारडा आहे, आकडे फुगवतो आहे, आतून भाजून निघतो आहे आणि वरून हसतो आहे. पण प्रत्येक वेळी उत्तर तेच. पाहुणा थंड.

त्या रविवारी ताईने ठरवले की आज याचा सोक्षमोक्ष लावायचा. जेवणे झाली. बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले. ताईने दार लावले, खिडकी लावली, पंखा बंद केला. डॉक्टरचा फोन विमान मोडवर गेला, मीही गेलो. पाहुण्याला तेवढे जगाशी जोडलेले ठेवले, कारण खेळाला इंटरनेट लागते, आणि बाबांची शिट्टीही त्यावरच येणार होती. ताई निष्काळजी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. तिने त्याही दिवशी सकाळी हजेरी घेतली होती.

खेळ सुरू झाला. मी स्टँडवरून बघत होतो. डॉक्टर पुढे झुकला होता, ताई तापमापक टेकवून बसली होती. आणि मला पलीकडच्या खोलीतून धप्प असा आवाज आला.

खेळात तोफा चालल्या होत्या. त्या दोघांनी ऐकले नाही. मी ऐकले, कारण माझा कान ऐकण्याशिवाय दुसरे काहीच करत नाही. त्यानंतर वॉकर घसरत भिंतीला लागल्याचा आवाज. मग काही वेळ शांतता. आणि मग अगदी बारीक, टिक.

बटण दाबले गेले होते. मी पाहुण्याकडे बघितले. आता वाजेल, म्हटले. टिक. पडद्यावर धूर, झाडे, धावणारी माणसे. टिक, टिक. पाहुणा शांत होता. त्याच्या चेहऱ्यावर साधी सूचनासुद्धा आली नाही. मित्रांनो, माझ्या पोटात ती शिट्टी होती. मूळची, मैदानावरची. पण मला विमान मोडवर टाकले होते, आणि फोनला कुणी सांगितल्याशिवाय हूं की चूं करता येत नाही. मी नुसता व्हिडिओ काढत राहिलो.

डाव संपला. "घे, संपला. थंडगार," डॉक्टर म्हणाला.

ताईने तापमापकाकडे बघितले. पुन्हा बघितले. तिने ओठ मुडपले. "नाही पटत. अजून एक डाव खेळ."

त्या वाक्याचा मला आजही त्रास होतो. तिने तो डाव संशयापोटी मागितला, आणि तो संशय चुकीच्या जागी होता असेही म्हणता येत नाही. पण दाराच्या पलीकडे आता चमचा फरशीवर आपटत होता. ठक, ठक. मग थोडे थांबून पुन्हा ठक. तो डाव पूर्ण होईपर्यंत आवाज मंदावत गेला.

ताईने दार उघडले तेव्हा ती अजून आकड्यांबद्दलच बोलत होती. मग तिचे बोलणे मध्येच तुटले. पुढचे मी ऐकले आणि नंतर मला कळले तेवढेच सांगतो. बाबा खाली फरशीवर, पलंगाला पाठ टेकून बसले होते. पाण्याचा पेला घेताना तोल गेला होता. एका हातात औषधाचा चमचा आणि दुसऱ्या मुठीत बटण. मनगट सुजले होते. ताई त्यांच्यापाशी बसली असणार, कारण नंतर कुजबुज आली ती अगदी अस्पष्ट होती. पण माझा कान तुम्हाला माहीत आहे.

"संपला का खेळ?" बाबांनी विचारले.

डॉक्टरने त्यांना उचलून पलंगावर घेतले, मनगट बांधले. हाड मोडले नव्हते. ताईने लगेच बटण हातात घेतले आणि दाबले. पाहुणा बाहेरच्या टेबलावरून खणखणीत वाजला. तिने पुन्हा दाबले. पुन्हा वाजला. बटण ठीक होते, इंटरनेट ठीक होते, फोन ठीक होता. ताईचा चेहरा मला तेव्हा दिसत नव्हता, पण तिचा आवाज मी ओळखतो. तो परीक्षेच्या वेळचा आवाज होता.

"बाबा, तुम्ही नक्की दाबलं होतं ना?"

पलंग करकरला, बाबा भिंतीकडे वळले असावेत.

"बाबा, म्हणजे नीट दाबलं गेलं होतं का? हात सुजलाय तुमचा, म्हणून विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि शिट्टी वाजली नाही. ताई ओट्यापाशी हातात फडके घेऊन वाट बघत उभी राहिली. मग ती त्यांच्या खोलीच्या दारात गेली. बटण खुंटीला अडकवलेले होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "राहू दे," ते म्हणाले, असे ताईने नंतर डॉक्टरला सांगितले. "माझ्याच हाताचा भरवसा नाही म्हणतेस, तर राहू दे."

मित्रांनो, मी संशयी आहे, पण त्या सकाळी मला संशयाची भीती वाटली. ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो टेबलावर चमकत पडला होता, आणि ज्याच्यावर घेतला गेला त्याने हाक मारणेच सोडून दिले होते. पुन्हा पडले तर हा माणूस बटण दाबणार नाही, हे मला कळत होते. ताईलाही कळत होते. ती दिवसभर त्यांच्या खोलीच्या आसपास काही ना काही काम काढत राहिली.

संध्याकाळी तिने माझ्यातला रविवारचा व्हिडिओ संगणकावर उतरवून घेतला. परीक्षेचा व्हिडिओ दाखवायची तारीख जवळ आली होती, मधाळचे दोन निरोप येऊन गेले होते. तिने कानाला हेडफोन लावले. मी शेजारीच पडलो होतो. ती आकडे टिपत होती आणि एकाएकी तिचा हात थांबला. तिने व्हिडिओ मागे नेला. तोफांचा आवाज कमी केला, बाकीचा वाढवला. पुन्हा मागे नेला.

धप्प. मग वॉकर. मग टिक. टिक, टिक.

ते सगळे माझ्यात होते. आयुष्यात मी पुष्कळ काही टिपले आहे, पण कुणाच्या बाजूने साक्ष द्यायची ती पहिलीच वेळ. ताईने व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला. "अजून एक डाव खेळ" हे स्वतःचे वाक्यही ऐकले आणि त्यानंतरचा चमचाही. मग तिने हेडफोन काढले, मला उचलले आणि ती बाबांच्या खोलीत गेली. तिने त्यांच्या पलंगावर बसून तो भाग त्यांना ऐकवला.

"बाबा, तुम्ही दाबत होतात. मी तुम्हालाच खोटं ठरवलं," ती म्हणाली आणि रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना ऐकले नव्हते.

बाबांनी तिच्या डोक्यावर बांधलेला हात ठेवला. "शंका घेतलीस त्याचं काही नाही. ती तुझी सवय आहे. पण मला विचारलंस तसं त्याला कुठे विचारलंस?"

"विचारलं की. तुमच्यासमोर दोनदा दाबून बघितलं. वाजला."

"तेव्हा तो रिकामा होता. खेळत असताना विचार." एवढे बोलूनच त्यांना दम लागला. "मुलं मैदानावर एक असतात, वर्गात एक."

ताई म्हणाली, "सकाळी एक परीक्षा, दुपारी दुसरी. दोन्ही एकदम कधीच नाही. इतकी वर्षं मी असंच करत आलेय."

लगेच डॉक्टरला बोलावले. या वेळी दार उघडे होते. बाबा खुर्चीत, बटण पुन्हा गळ्यात, अगदी सामन्याचे पंच बसावेत तसे. डॉक्टरने खेळ सुरू केला. बाबांनी बटण दाबले. टिक. पाहुणा गप्प. पुन्हा टिक. गप्प. खेळ बंद केला, दाबले, आणि शिट्टीने घर दणाणले.

मग ताईने आपला नियम मोडला आणि पाहुण्याच्या सेटिंग उघडल्या. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, असे करत करत ती आत आत गेली. तिथे ते सापडले. खेळ सुरू झाला की हा फोन मागे चालणारी बाकी सगळी ॲप आपण होऊन बंद करत होता, आणि हे पेटीतून निघतानाच चालू केलेले होते. म्हणून तर तो थंड राहत होता. बाबांच्या बटणाचे ॲपही त्यातच बंद पडत होते आणि खेळ थांबला की पुन्हा सुरू होत होते. ताईने ती सेटिंग बंद केली. डॉक्टर पुन्हा खेळायला बसला. बाबांनी दाबले आणि ऐन लढाईत शिट्टी वाजली. थोड्या वेळाने डॉक्टरने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"तापला गं," तो म्हणाला.

"तापू दे," ताई म्हणाली.

मित्रांनो, मी पाहुण्याला खोटारडा म्हणत होतो, ते मागे घेतो. त्याने एकही आकडा फुगवला नव्हता. तो खरोखरच थंड होता. त्याचे आकडे खरे आहेत की नाहीत हेच मी धरून बसलो होतो, आणि ते सगळे खरे निघाले.

ताईने मधाळला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मॅडम, ती खेळणाऱ्यांची सोय आहे. मध्येच काही वाजलं की लोक चिडतात. आणि बंद करता येतं की ते."

"येतं. पण चालू आहे हे कुठे सांगितलंय?"

"सगळं कुठे सांगत बसणार मॅडम? तुम्ही असं करा, खेळाचा भाग वेगळा दाखवा, रोजच्या वापराचा वेगळा. दोन्हीकडे पैकीच्या पैकी मिळतील. पुढचा फोनही पहिल्यांदा तुमच्याकडेच येईल."

"वेगळा दाखवला म्हणूनच माझे वडील फरशीवर बसून राहिले," ताई म्हणाली. तिने फोन ठेवला.

व्हिडिओ मीच काढला. ताईने पाहुण्याचे सगळे गुण सांगितले, हातचे काही राखले नाही. पडदा, फोटो, वेग, बॅटरी. मग ती म्हणाली, "हा फोन खेळायला उत्तम आहे. रोज वापरायलाही उत्तम आहे. फक्त ज्याला घरातून कुणाची हाक येणार असेल, त्याने दोन्ही एकदम करू नये." ती सेटिंग कुठे दडली आहे आणि ती कशी बंद करायची, तेही तिने सावकाश दाखवले. शेवटी तिने तो रविवारचा आवाज ऐकवला, बाबांना विचारून. टिक, टिक आणि मग चमचा. "हे वाजत होतं तेव्हा मी तापमान मोजत होते," एवढेच ती म्हणाली.

पाहुणा परत गेला. पुढच्या मोठ्या फोनची पेटी मधाळने दुसऱ्या कुणाकडे पाठवली, असे डॉक्टर सांगत होता. ताई आता प्रत्येक फोनची परीक्षा दार उघडे ठेवून घेते. माप थोडे चुकते. ती तसे सांगते आणि पुढे जाते.

माझे म्हणाल तर माझी स्टँडवरून सुटका झाली. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवर एक फळी ठोकली आहे. तिथे मी कायम चार्जरला लावलेला असतो. विमान मोड नाही, खेळ नाही, फोटो नाही. कुणाचेही सिम माझ्यात नाही, घरचे वायफाय पुरते. एकच काम आहे. ताईच्या नव्या फोनवर शिट्टी येतेच, पण तो वाजो न वाजो, मी वाजायचेच.

तरी माझा स्वभाव गेलेला नाही. आता मी स्वतःवरच संशय घेतो. बॅटरी फुगली तर? कानात धूळ गेली तर? एखाद्या सकाळी टिक आले आणि मी गप्पच राहिलो तर? फळीवर पडल्या पडल्या मी हाच विचार करत असतो, आणि म्हणून मला ती हातमोजेवाली बाई आठवते. तिच्या कपाळावरच्या आठ्यांचा मला आता राग येत नाही. माझ्यामुळे कुणाचे अडू नये म्हणून ती मला पारखत होती.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरातली जी वस्तू कुणाच्या हाकेसाठी ठेवली आहे, तिच्यावर आंधळा विश्वास टाकू नका. ती चकचकीत आहे, महाग आहे, काल वाजली होती, म्हणून आज वाजेलच असे समजू नका. तिला रोज विचारा, आणि घरात गोंगाट असतानाही विचारा. पण घरातले माणूस "मी हाक मारली होती" म्हणाले, तर आधी त्याचे खरे धरा. वस्तूची चौकशी मागाहून करता येते.

चहा झालेला दिसतो. आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबांचे मनगट आता बरे आहे, तरी ते बटण मुद्दाम त्याच हाताने दाबतात. मी कान टवकारून बसलो आहे. रोज या घटकेला मला जरा धाकधूक होते.

टिक.

शिट्टी वाजली, लांब, आणि शेवटी जराशी वर चढत गेलेली. ओट्यापाशी ताईने हातातले काम थांबवले आहे.

"हजर," ती म्हणाली.